आडनाव विचारणारी माणसं

जर्मनीहून परत आलो त्याला आता दोन महिने झाले, तरी भंडाऱ्यात भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलं?" विचारणाऱ्याला किल्ला, नदी, बर्फ असं काहीतरी हवं असतं. मी सांगतो, "गॅम्बियाची माणसं पाहिली." समोरचा मनातल्या मनात माझं वय मोजतो, माझ्या बायकोकडे सहानुभूतीनं बघतो आणि विषय बदलतो. म्हणून एकदाचं लिहून काढतो आहे.

गॅम्बिया हा आफ्रिकेच्या पश्चिम टोकाचा देश. नकाशात बघाल तर एका नदीच्या दोन्ही काठांना चिकटलेली चिंचोळी पट्टी, मोजणी करताना कुणाचा तरी हात थरथरल्यासारखी. मी तिथे गेलेलो नाही. मला ती माणसं जर्मनीतच भेटली, आणि जर्मन माणसांपेक्षा जास्त भेटली, कारण जर्मन माणसाला भेटायला आधी वेळ ठरवावी लागते.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी चौतीस वर्षं तहसील कार्यालयात काढली, त्यातली बरीचशी जातीच्या दाखल्यांच्या टेबलावर. खिडकीबाहेरून आडनाव ऐकू आलं की माणसाकडे न बघता मी त्याचं गाव, जात आणि अर्जाला कोणता कागद कमी असणार हे सांगायचो. लोकांना कौतुक वाटायचं, मलाही वाटायचं. आणि माझं स्वतःचं आडनाव गजभिये. विदर्भात हे आडनाव सांगितलं की दाखला दाखवायची गरज राहत नाही. समोरचा म्हणतो, "अच्छा." त्या एका 'अच्छा'चे मी सतरा प्रकार ऐकले आहेत. कोणत्या 'अच्छा'नंतर चहा येतो आणि कोणत्यानंतर येत नाही, हेही मला चांगलं कळतं.

इंगोलश्टाट: घंटीवरचं नाव

मुलगा निखिल इंगोलश्टाटला असतो. मोटारींच्या दारांची कुलुपं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. या गावात माणसं मोटारी बनवतात, मोटारीत बसून मोटारी बनवायला जातात आणि सुट्टीच्या दिवशी मोटारी धुतात. नातू झाला म्हणून मी आणि निखिलची आई तिथे पोचलो, तेव्हा नातू आठ दिवसांचा होता. सून श्वेता बरी होती. बाळाला हाक मारायचं नाव सुजात ठरलं होतं. सगळं आनंदाचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच फिरायला गेलो आणि परत येताना माझी फजिती झाली. जर्मनीत फ्लॅटला नंबर नसतो. खालच्या दाराशी घंट्यांची पाटी असते आणि प्रत्येक घंटीपुढे आडनाव असतं. आडनाव सापडलं तर घर सापडतं. मी चष्मा पुसून ती पाटी तीनदा वाचली. गजभिये कुठेच नव्हतं. इमारत चुकली म्हणून शेजारच्या इमारतीची पाटी वाचली, मग समोरच्या. तोवर तळमजल्यावरच्या बाई पडद्याआडून माझ्यावर लक्ष ठेवायला लागल्या होत्या. तितक्यात एक उंच, काळाभोर तरुण दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या घेऊन आला. खरं सांगायचं तर माझा हात आधी खिशातल्या पाकिटाकडे गेला. हे लिहायला लाज वाटते, पण गेला.

"तुम्ही गजभियेंचे वडील ना?" त्यानं इंग्रजीत विचारलं. "मी लामीन. तुमच्या वरच्या मजल्यावर राहतो. घंटीवर शोधू नका, तिथे नाही. टपालपेटीवर आहे."

खरंच, टपालपेटीच्या झाकणावर बारीक अक्षरात 'गजभिये' होतं. घंटीवर मात्र 'एन. निखिल'. सरकारी पत्रं यावीत म्हणून एक नाव आणि इथल्या मराठी मंडळाची माणसं दिवाळीला येतात म्हणून दुसरं.

निखिलला विचारलं तेव्हा त्यानं आधी बाळाच्या बाटल्या गरम केल्या, मग त्या गार केल्या, आणि मग सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तो इथल्या मराठी मंडळाच्या पहिल्या कार्यक्रमाला गेला. एका बाईंनी प्रेमानं चौकशी केली. "गजभिये म्हणजे नागपूरकडचे का तुम्ही? अच्छा." पुढच्या कार्यक्रमाला प्रत्येकानं एकेक पदार्थ न्यायचा होता. श्वेतानं भरीत नेलं. ते तसंच्या तसं परत आलं. वाईट झालं असणार नाही, तिच्या हातचं भरीत मी खातो. घरी येऊन त्या दोघांनी ते तीन दिवस पुरवून खाल्लं, आणि चौथ्या दिवशी निखिलनं घंटीवरची पट्टी बदलली.

"आणि बाबा, आल्झो, म्हणजे, अजून एक," तो म्हणाला. "सुजातच्या जन्मनोंदणीत आम्ही आडनाव 'निखिल' टाकतोय. सुजात निखिल. खूप जण करतात असं. पुढच्या गुरुवारी श्टांडेसआम्टमध्ये टेर्मिन आहे."

श्टांडेसआम्ट म्हणजे जन्म, लग्न आणि मरण यांची नोंद ठेवणारं कार्यालय, आणि टेर्मिन म्हणजे तिथे आपल्याला मिळालेली वेळ. जर्मनीत टेर्मिन मिळणं ही घरात पेढे वाटण्यासारखी गोष्ट आहे, ती कुणी रद्द करत नाही.

मी म्हणालो, "माझ्या बापानं हे आडनाव घेऊन शाळेच्या व्हरांड्यात बसून शिक्षण घेतलं."

"बाबा, हा तुमचा लढा नाहीये, एक फॉर्म आहे. माझ्या पोरानं प्रत्येक वेळी समोरच्याचा चेहरा बघत नाव का सांगायचं?"

निखिलची आई आतून म्हणाली, "अहो, पोराशी भांडायला एवढ्या दूर आलात काय?" तेवढ्यापुरतं भांडण थांबलं. गुरुवारला नऊ दिवस होते.

जिन्यातली चौकशी

लामीनचं पूर्ण नाव लामीन न्जाय. तो एका वृद्धाश्रमात परिचारक होता. दिवसभर जर्मन म्हाताऱ्यांना उठवून, आंघोळ घालून, जेवू घालून संध्याकाळी घरी यायचा, आणि जिन्यात मी दिसलो की त्याची चौकशी सुरू व्हायची.

"पा, सकाळ कशी गेली? झोप कशी झाली? आई कशा आहेत? बाळ कसं आहे? घरची माणसं कशी आहेत? भंडाऱ्याची माणसं कशी आहेत?"

'पा' ही त्यांच्याकडे वडीलधाऱ्याला मारायची हाक. एवढं विचारणारं माणूस मला जर्मनीत दुसरं भेटलेलं नव्हतं. तळमजल्यावरच्या बाई 'हालो' म्हणता म्हणताच दार लावून घ्यायच्या. मी दह्याचा डबा चुकीच्या रंगाच्या कचरापेटीत टाकला, तेव्हा त्यांनी तो बाहेर काढून, पुसून, माझ्या हातात आणून दिला होता. आमची सगळ्यांत मोठी भेट तीच. त्यामुळे लामीननं विचारलं तसं मी सविस्तर उत्तर दिलं. निखिलच्या आईचा गुडघा, माझी साखर, धाकट्या भावाच्या बोअरवेलला न लागलेलं पाणी. तो पिशव्या धरून उभा राहिला आणि सगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्यानं हळूच शिकवलं.

"पा, आमच्याकडे याचं उत्तर एकच असतं. घरची माणसं कशी आहेत? ती तिथे आहेत. बस."

"आणि गुडघा?"

"गुडघाही तिथे आहे."

निखिलला ही मैत्री फारशी पसंत नव्हती. "बाबा, फार गप्पा मारत बसू नका त्याच्याशी. ते लोक जरा चिकट असतात."

'ते लोक' हे शब्द मी पोराच्या तोंडून ऐकले आणि हातातला चहा खाली ठेवला. हाच लामीन, श्वेताला कळा सुरू झाल्या आणि निखिलचा फोन मीटिंगमध्ये बंद होता, तेव्हा तिला धरून तीन मजले उतरवून दवाखान्यात घेऊन गेला होता. तेव्हा तो चिकट वाटला नव्हता. मी हे बोलून दाखवलं. निखिलचे कान लाल झाले. त्यामुळे लामीननं भावाच्या मुलाच्या बारशाचं बोलावणं दिलं तेव्हा त्याला नाही म्हणता आलं नाही.

बारसं कार्ल्सरूहेला, शनिवारी. "पा, तुम्ही आलंच पाहिजे," लामीन म्हणाला. "कार्यात म्हातारं माणूस नसलं की जागा रिकामी दिसते." एवढ्या स्पष्ट शब्दांत मला म्हातारा म्हणून कुणी आमंत्रण दिलं नव्हतं.

कार्ल्सरूहे: शनिवार

लामीनला घेऊन निखिलच्या मोटारीनं गेलो; निखिलची आई श्वेता आणि बाळापाशी थांबली. रस्त्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही, कारण ज्या वेगानं ती मोटार चालली होती त्या वेगात मी डोळे मिटून बसलो होतो.

कार्ल्सरूहे विद्यापीठाचं गाव आहे, निखिल इथेच शिकला. पण आम्ही गेलो ते गावाबाहेरच्या एका भाड्याच्या हॉलवर. वेळ दहाची दिली होती. दहाला माझ्याखेरीज दोनच पाहुणे हजर होते: बाळंतिणीची जर्मन सुईण आणि माझा मुलगा. सुईण फुलं घेऊन खुर्चीच्या कडेवर बसली होती आणि निखिल दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होता. साडेअकराला इमाम आले, कुणालाही उशीर झाल्यासारखं वाटलं नाही. मग बायका येऊ लागल्या. खळ घातलेल्या रंगीत कपड्यांची सळसळ दारातून आधी यायची आणि मागून बाई. बाळंतिणीनं दिवसभरात तीन वेळा पोशाख बदलला. प्रत्येक वेळी सगळ्यांनी पहिल्यांदाच बघत असल्यासारखं कौतुक केलं, आणि प्रत्येक वेळी फोटो पहिल्यापासून सुरू झाले. आमच्याकडच्या बारशाला नावं ठेवायची मला खोड आहे, ती मी तिथे मागे घेतली.

विधी मात्र छोटा. इमामांनी बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव पुटपुटलं, आमच्याकडे आत्या 'कुर्रर्र' करते तसंच. लामीनच्या वारलेल्या वडिलांचं नाव, उस्मान. ते पुटपुटणं फक्त बाळानं ऐकलं. मग एक सडपातळ माणूस पुढे झाला आणि तेच नाव खच्चून ओरडला. नाव, आडनाव, बापाचं, आज्याचं, पणज्याचं, सगळं सुरात, अशा आवाजात की सुईणीनं फुलं छातीशी धरली. माणसं उठून त्याला कुणी कापड, कुणी नोट देऊ लागली. त्याचं नाव मोदू. नाव लपवायला घंट्यांच्या पट्ट्या बदलणारा माझा मुलगा त्याच्याकडे तोंड उघडं ठेवून बघत होता.

मग जेवण. हे मी नीट सांगणार आहे, कारण ताटापाशीच सगळं झालं. परातीएवढा एनामलचा वाडगा जमिनीवर ठेवला. त्यात लालसर शिजवलेला भात, वर मासे, कोबीचे मोठे तुकडे, गाजर, रताळ्यासारखा एक कंद. त्याच्याभोवती सात माणसं मांडी घालून बसली. वेगळी ताटं नाहीत. प्रत्येकानं उजव्या हातानं आपल्यासमोरचाच भात खायचा, दुसऱ्याच्या हद्दीत हात घालायचा नाही. मासा मध्यभागी असतो, तो वडील माणूस हातानं तोडून पाहुण्यांच्या पुढे टाकतो. तहसीलमध्ये मी हद्दीचे शेकडो तंटे पाहिले, पण भातात न आखलेल्या हद्दी इतक्या शांतपणे पाळणारी माणसं पाहिली नव्हती. माझ्या आज्याला गावात पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत. आणि मी सहा अनोळखी माणसांच्या हातांशेजारी हात घालून एका वाडग्यात जेवत होतो. मी बराच वेळ एकच घास चावत राहिलो. मासा काटेरी होता असं मी निखिलला सांगितलं.

वडील माणूस म्हणजे लामीनचे काका, पा मालिक. पोट सुटलेले, दाढी पांढरी. त्यांनी माझ्यापुढे माशाचा तुकडा टाकला आणि निखिलला विचारलं, "आडनाव काय?"

निखिलनं घास तसाच धरून ठेवला. "निखिल," तो म्हणाला.

"ते नाव झालं. आडनाव?"

जर्मनीत येऊन, आफ्रिकेतल्या माणसाकडून, जेवताना. मीच उत्तर दिलं, "गजभिये." आणि सवयीनं 'अच्छा'ची वाट पाहिली.

तो आला नाही. पा मालिकनी ते आडनाव तोंडात घोळवून बघितलं, जमलं नाही, आणि विचारलं, "गजभियेंची थट्टा कोण करतं?"

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. लामीननं समजावलं. त्यांच्याकडे प्रत्येक आडनावाचं एक जोडीचं आडनाव असतं. त्या दोन आडनावांची माणसं कुठेही भेटोत, आयुष्यात पहिल्यांदा भेटोत, त्यांनी एकमेकांची मनसोक्त टर उडवायची. राग धरायचा नाही. कोर्टात न्यायाधीश आणि आरोपी असे निघाले तरी आधी थट्टा होते, असं लामीन म्हणाला, पण त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा ते मला माहीत नाही. न्जाय आडनावाची जोडी जोब आडनावाशी.

"आमची थट्टा करतात," मी म्हणालो, "पण असं ठरवून नाही. आणि आम्हाला उलट करायची मुभा नसते."

"म्हणजे तुम्हाला कुणीच नाही," पा मालिक हळहळले. त्यांना माझी खरोखर दया आली. मग क्षणभर विचार करून त्यांनी जाहीर केलं, "आजपासून तू जोब." आणि लगेच बाकीच्यांना म्हणाले, "मासा सांभाळा. वाडग्याशी जोब बसला आहे. सगळे जोब आमचे गुलाम. द्या रे, या गुलामाला थोडा भात द्या, उपाशी आहे."

माझा हात भातात थांबला. माझा आजा पाटलाच्या घरी वेठीला होता. मालकाचं जेवण होईपर्यंत तो उन्हात उभा राहायचा, हे मी माझ्या बापाकडून ऐकलं आहे, आणि सांगताना बाप माझ्याकडे बघायचा नाही. निखिल मराठीत पुटपुटला, "बाबा, उठा. निघूया."

मी उठलोही असतो. पण बघितलं तर सगळ्यांचेच हात थांबले होते आणि सगळे माझ्या तोंडाकडे आशेनं बघत होते. पा मालिक तर सगळ्यांत जास्त.

"पा, आता तुमची पाळी," लामीन कुजबुजला. "तेच म्हणा. ते तुमचे गुलाम आहेत म्हणा. भात चोरतात म्हणा."

मी घसा साफ केला. "न्जाय खोटं बोलतो," मी माझ्या तहसिली इंग्रजीत म्हणालो. "हा माझ्या घरून पळून आलेला आहे. मी त्याला परत न्यायला आलो होतो. पण हा खातो किती ते पाहिलं, आता इथेच राहू दे."

वाडग्याभोवती एकच गदारोळ झाला. पा मालिक मांडीवर थापा मारत हसले, डोळे पुसले, उठून माझा हात खरकट्यासकट हातात घेतला आणि माशाच्या डोक्याचा गाल काढून माझ्यापुढे ठेवला. पुढचा अर्धा तास आम्ही दोघांनी एकमेकांच्या खानदानाचा उद्धार केला. इतकं हलकं मला फार वर्षांत वाटलं नव्हतं. जो शब्द आमच्याकडे वरून खाली येतो आणि तिथेच राहतो, तो इथे माझ्याकडे आला आणि मी तो परत करू शकलो. मी मनात भाषणसुद्धा जुळवायला लागलो. भंडाऱ्याला गेल्यावर बुद्धविहारात सांगायचं: बघा, आडनावाचं काय करावं ते या लोकांकडून शिका.

चहा

भाषण जुळवत मी हॉलच्या मागच्या अंगणात गेलो. तिथे मोदू, तो नाव ओरडणारा, छोट्या शेगडीवर चहा करत होता. गॅम्बियाचा चहा म्हणजे मूठभर हिरवी पत्ती आणि मूठभर साखर. ती एका ग्लासातून दुसऱ्या ग्लासात उंचावरून ओततात, परत ओततात, परत ओततात. आमच्या कोर्टासमोरचा टपरीवाला तेवढ्या वेळात चाळीस जणांना वाटेला लावतो. पहिली फेरी कडू जहर. निखिलही येऊन शेजारी बसला.

मी मोदूच्या आवाजाची तारीफ केली आणि विचारलं, "तू पण न्जाय का?"

"नाही."

"मग आडनाव काय तुझं?"

माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की निघून गेल्यावरच मला ऐकू आलं. मोदू हसला.

"सांब," तो म्हणाला. "जर्मन लोक माझा पासपोर्ट विचारतात. आडनाव आमचेच लोक विचारतात. सांब म्हटलं की त्यांना कळतं, मी गेवेल आहे. आम्ही लोकांच्या घराण्यांची गाणी गातो. पिढ्यान्‌पिढ्या तेच करतो. या घराच्या सात पिढ्या मला पाठ आहेत, त्यांच्या स्वतःच्या पोरांना तीन येतात."

"मग तुला मान असेल."

"मान आहे. कापड देतात, नोटा देतात. मुलगी देत नाहीत." त्यानं हनुवटीनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे खूण केली. "सहा वर्षं झाली. आजचा भात तिनंच केला. पा मालिकची मुलगी आहे."

ज्या माणसाशी मी अर्धा तास गळ्यात गळा घालून हसलो, त्याची मुलगी. थट्टा कुणाशीही चालते, सोयरीक नाही. माझं बुद्धविहारातलं भाषण तिथेच संपलं. चौतीस वर्षं दाखले लिहिलेल्या माणसाला हे दारातच दिसायला हवं होतं, पण पोटभर मासा खाल्ल्यावर दिसलं नाही.

निखिलनं विचारलं, "तू आडनाव बदललं का नाहीस? इथं कोणाला कळलं असतं?"

"बदललं होतं ना," मोदू म्हणाला आणि दुसऱ्या फेरीचं पाणी ठेवलं. "इथे आल्यावर पहिल्याच फॉर्मवर मी न्जाय लिहिलं. वाटलं, नवा देश, नवा माणूस. निर्वासितांच्या वसतिगृहात दोन आठवडे मी न्जाय होतो. मग एक दिवस भांडी घासताना गुणगुणत होतो. आमच्याकडची एक म्हातारी होती, ती म्हणाली, हा गळा न्जायचा नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. एक जर्मनांनाच कळलं नाही. पुढे घरून जन्माचा दाखला आला, त्यावर सांब. मग सांब आणि न्जाय हा एकच माणूस आहे हे सिद्ध करायला चार वर्षं. तोवर ना शिकता आलं, ना नोकरी." तो चहा ओतत राहिला. "ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांना दोन आठवड्यांत कळलं. ज्यांना काही फरकच पडत नव्हता त्यांना समजावण्यात चार वर्षं गेली."

"आणि आता?" निखिलनं विचारलं.

"आता विजेचं काम शिकतोय. आणि त्यांच्या पोरांची नावं ओरडतो."

दुसरी फेरी गोड होती, असं म्हणतात. मला चव कळली नाही.

परतीची मोटार

लामीन भावाकडे राहिला. परतताना मोटारीत आम्ही बापलेक दोघंच. मी मनात ठरवलं होतं की आडनावाचा विषय काढायचा नाही, कारण मोदूनं माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली होती. मला ते जड गेलं.

शेवटी निखिलच बोलला. "बाबा, तुम्ही मोदूला आडनाव का विचारलंत?"

"सवय," मी म्हणालो.

"गेनाऊ. बरोबर. सवय. ऐकल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ना, ते मी ओळखतो. मंडळातल्या त्या बाईंच्या चेहऱ्यावर तेच होतं. तुम्ही आयुष्यभर खिडकीत बसून तेच केलंत, सही-शिक्क्यासकट. आणि मला सांगता, पोराला हे आडनाव दे."

दाखले नसते तर पोरं शिकली नसती, तू शिकला नसतास, हे सगळं खरं होतं आणि मला पाठ होतं. पण त्यानं विचारलं होतं ते वेगळं, आणि त्याचं बरोबर होतं. "चुकलं माझं," मी म्हणालो. सदतीस वर्षांच्या मुलाला मी हे पहिल्यांदा म्हणत होतो. त्यानं वेग थोडा कमी केला, एवढंच.

रविवार गेला, सोमवार गेला. बुधवारी संध्याकाळी मी मुद्दाम खाली जाऊन घंट्यांची पाटी बघून आलो. 'एन. निखिल'. जिन्यात लामीन भेटला.

"पा जोब, घरची माणसं कशी आहेत?"

"ती तिथे आहेत," मी म्हणालो. आता मला ते बरोबर जमत होतं.

श्टांडेसआम्ट: गुरुवार

कार्यालय मला आवडलं. टेबलावर कागद नाहीत, खिडकीशी रेटारेटी नाही, कुणी कुणाच्या ओळखीचा नाही. कॉरिडॉरमध्ये इतकी शांतता की माझ्या चपलांची मला लाज वाटली. निखिल आणि श्वेता आत गेले. मी सुजातची ढकलगाडी घेऊन बाहेरच्या बाकावर. समोर एक जर्मन आजोबा वर्तमानपत्र वाचत होते. दार पूर्ण लागलेलं नव्हतं.

आतल्या बाई काहीतरी विचारत होत्या, श्वेता उत्तरं देत होती. जर्मन मला येत नाही, पण दहा दिवसांत एक शब्द मी पक्का शिकलो होतो: फामिलियननामे, म्हणजे आडनाव. तो आला. पुढे काही नाही. हे उत्तर श्वेतानं निखिलवर सोडलं असावं. मी ढकलगाडीचा दांडा घट्ट धरला. मला आत जाऊन सांगावंसं वाटलं, की पोरा, तुला हवं ते लिही, मी बोलणार नाही. ते खोटं ठरलं असतं.

मग निखिलचा आवाज आला, अगदी खालचा. मला शब्द कळला नाही. बाईंनाही नाही. "वी बिटे?" त्यांनी विचारलं.

तो पुन्हा म्हणाला. पुन्हा तसंच, तोंडातल्या तोंडात. बाई पुन्हा काहीतरी बोलल्या, बहुधा मोठ्यानं सांगा असं.

आणि मग निखिल ओरडला. लहानपणी पतंग कापल्यावर गच्चीवरून ओरडायचा त्या आवाजात.

"गजभिये."

त्या कॉरिडॉरमध्ये इतक्या मोठ्यानं बहुतेक कधी कुणी बोललं नसेल. सुजात दचकून जागा झाला आणि रडायला लागला. समोरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि कोण ओरडतंय अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं.

"आमचा आहे," मी त्यांना मराठीतच सांगितलं, आणि ढकलगाडी हलवायला लागलो.